कच्च्या जवसाचा वास

आमच्या गल्लीत यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणालाच ठाऊक नाही. सगळे यांना ‘ओलंय’ म्हणतात. चाळीस वर्षं दुकानाच्या दारात टेबलं, पलंग, कपाटं पॉलिश करून वाळत ठेवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर ओरडायचं, “हात नको, ओलंय!” एवढाच यांचा लोकांशी संवाद. लग्न होऊन मी घरात आले, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कठड्यावर सहज हात टेकवला, तर नवऱ्याच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला पहिला शब्द हाच. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस मला कविता वगैरे ऐकवणार नाही.

दुकान आमचं दोघांचं आहे. डाव्या बाजूला हे लाकडाला पॉलिश करतात, उजव्या बाजूला मी खुर्च्यांना वेत विणते. माझं तोंड चालू असतं आणि यांचा हात. कापसाचा बोळा, त्यावर मऊ फडकं, त्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. एक हात फिरवला की थांबायचं, मग दुसरा, मग परत थांबायचं. एका टेबलाला वीस-वीस हात. गिऱ्हाईक विचारायला आलं की हे मान वर न करता म्हणणार, “अजून ओलंय.” लग्नाला आम्ही पंगत उठायच्या वेळी पोचतो आणि डॉक्टरकडे दवाखाना बंद व्हायच्या वेळी. मी किती डोकं आपटलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

यांच्या त्या बोळ्याला कुणी बोट लावलेलं चालत नाही. एकदा आमच्या लेकीने लहानपणी त्याने बाहुली पुसली, तर हे दोन दिवस जेवले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण जेवताना बोलले नाहीत. तसे हे एरवीही बोलत नाहीत. फरक फक्त मला कळला.

आता यांच्या नाकाबद्दल सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट नाकाचीच आहे. हे काम यांनी यांच्या मामांकडून उचललं. मामा कडक होते. डोळ्यांवर पंचा बांधायचे, पुढ्यात पाच वाट्या ठेवायचे आणि विचारायचे, यातली लाख कुठली, मेण कुठलं, टर्पेंटाइन कुठलं, कच्चं जवसाचं तेल कुठलं आणि उकळलेलं कुठलं. चुकलं की सगळ्या वाट्या घासायला लावायचे. त्या वाट्यांनी यांचं नाक असं घडवलं की काही विचारू नका. गल्लीत कुणी नवे बूट घेतले तर यांना दारातून कळतं. आमचं दूध उतू जायच्या आधी हे दुकानातून हाक मारतात, आणि मी मात्र शेगडीपाशी उभी असून मला पत्ता नसतो.

एकदा एक म्हाताऱ्या बाई आपल्या नवऱ्याचं लिहायचं टेबल पॉलिशला घेऊन आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. यांनी खण उघडला, वाकून वास घेतला आणि म्हणाले, “बाई, बाहेरून करतो. आतून हात लावत नाही. त्यांचा तंबाखू आहे आत अजून.” बाई तिथेच रडायला लागल्या. आता सांगा, असा माणूस दुसऱ्याच्या वस्तूचा वास बिघडवेल का? पण नेमका तोच आळ यांच्यावर आला.

आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, व्हिस्की चाखणाऱ्या लोकांचं एक मंडळ भरतं. बारा माणसं आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारला जमतात, बोटभर बोटभर ओततात आणि तासभर त्यावर बोलतात. पिऊन झिंगलेला माणूस मी तिथून उतरताना कधी पाहिला नाही हे खरं सांगायला हवं. अध्यक्ष एक दातांचे डॉक्टर आहेत, आता निवृत्त. चिटणीस म्हणजे छापखान्यासमोरच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण बाई. आणि तिसरे एक पुस्तकांच्या दुकानाचे मालक आहेत, त्यांना मी पुस्तकवालेच म्हणते. व्हिस्कीवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या बगलेत कायम असतं आणि कुणी घोट घेतला की ते त्यातून चवींची नावं वाचून दाखवतात.

या मंडळाने एक जुनं काचेच्या दारांचं कपाट घेतलं आणि सहा वेताच्या खुर्च्या. कपाट वर नेऊन जोडलं होतं, ते आता जिन्यातून खाली येईना, म्हणून आम्हीच बिऱ्हाड घेऊन वर गेलो. डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते, यांना अठरा लागले. डॉक्टर रोज येऊन विचारायचे, “झालं का?” आणि उत्तर काय मिळायचं ते तुम्हाला माहीत आहेच.

तिथेच बसून डॉक्टर आम्हाला त्या खास बाटल्यांबद्दल सांगायचे. आयर्लंडची व्हिस्की, सत्तावीस वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली. एकाच कारखान्यात, तांब्याच्या मोठ्या भांड्यांत तीन वेळा उकळून काढलेली. ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणतात तिला. मंडळाने इतक्या वर्षांत धुराच्या वासाच्या व्हिस्क्या चाखल्या, गोड चाखल्या, पण अशी जुनी पॉट स्टिल कुणीच चाखली नव्हती. मोठ्या खटपटीने दोन बाटल्या मिळाल्या होत्या. एक नव्या कपाटात राहणार, लवकरच उघडायची. दुसरी पुढच्या वर्षी, मंडळाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा. ती चिटणीस बाईंनी आपल्या दुकानात कुलपाच्या कपाटात, औषधांशेजारी ठेवली होती.

“कपाटाला वास राहणार नाही ना?” डॉक्टरांनी एकदा विचारलं.

“बाहेरून लाख, वरून मेण. आतून नुसती लाख,” हे म्हणाले. “बंद कपाटाला आतून तेल कधी लावायचं नाही. जन्मभर वास मारतं.” यांच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

आणि आता माझं पाप. वेताच्या खुर्च्या विणून झाल्या की वेत चिवट राहावा म्हणून मी त्याला जवसाचं तेल पुसते, उकळलेलं, थोडं टर्पेंटाइन घालून. त्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या, वारं सुटलं होतं. माझी तेलाची चिंधी उडून ओल्या पॉलिशवर बसली असती तर घरात रणकंदन झालं असतं. म्हणून मी ती झटकन कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि दार लावलं. मनात होतं, जाताना काढू. आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना आठवलं, धावत जाऊन काढली, पदराखाली लपवली. हे खिडकीशी उभे राहून लाख गाळत होते, पाठ माझ्याकडे होती. मी हुश्श केलं.

त्यानंतर कपाट झालं असं मला वाटत असताना हे आणखी तीन दिवस त्यात डोकं घालून बसले. “आता काय राहिलंय?” मी विचारलं. म्हणाले, “खालचा कप्पा बरोबर बसला नाही.” मी मनात म्हटलं, यांच्या किरकिरीला अंत नाही.

सहा आठवड्यांनी, शनिवारी साडेचारला, दुकानातला फोन वाजला. चिटणीस बाई होत्या. “तुम्ही दोघं जरा वर येता का?” आवाज असा होता की मी एप्रनसुद्धा न काढता निघाले. हे नेहमीप्रमाणे आधी बोळा डब्यात ठेवून, डब्याचं झाकण घट्ट लावून, हात पुसून आले.

खोलीत बारा माणसं बसली होती आणि तोंडं अशी की घरात कुणी गेलंय. टेबलावर बारा ग्लास आणि मध्ये ती सत्तावीस वर्षांची बाटली, दोन बोटं कमी झालेली. कुणीच पुढे पीत नव्हतं.

डॉक्टर उठले. माणूस सज्जन, त्यांना बोलणं जड जात होतं. “बाटली खालच्या कप्प्यात होती,” ते म्हणाले. “आज उघडली. तिला वास येतोय. पॉलिशचा.”

“जवसाच्या तेलाचा,” पुस्तकवाले म्हणाले. “स्वच्छ येतोय. बुचातून वास आत शिरतो, पुस्तकात दिलंय. सत्तावीस वर्षं टिकलेली वस्तू तुम्ही सहा आठवड्यांत मारलीत.”

खालचा कप्पा. जवस. माझी चिंधी, रात्रभर. मला आठवतंय, मी खुर्चीची पाठ धरली, मीच विणलेली. यांनी आतून तेल लावलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. लावलं होतं मी.

“आम्ही बाहेर कुठे बोलणार नाही,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे सोमवारपर्यंत गावभर होणार. या बारा जणांत कुणाच्या घरचं दार यांनी पॉलिश केलेलं, कुणाच्या दुकानाचं गल्ल्याचं टेबल. चाळीस वर्षं माणसाने एक नाव कमावलं, की ओलंयला काम द्या, उशीर करेल पण खोट राहणार नाही. ते नाव माझ्या एका चिंधीने पुसलं जाणार होतं. आणि हे तर असे, की एकदा कुणी बोट दाखवलं की दुकानाची फळी खाली ओढतील आणि पुन्हा उघडणार नाहीत. मी तोंड उघडलं. “अहो, ते मी...”

“थांब,” हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “ओलंय अजून.”

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. पण या माणसाने जन्मात मला बोलताना अडवलं नव्हतं, त्यामुळे मी चाट पडून गप्प बसले.

मग हे टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “मला एक ग्लास द्या.”

आता हे लक्षात घ्या की स्पिरिटच्या वासात या माणसाचा जन्म गेला, पण दारूचा थेंब ओठाला लागला नव्हता. चिटणीस बाईंनी एका स्वच्छ ग्लासात बोटभर ओतलं. गडद सोनेरी रंग होता, जुन्या मेणासारखा. यांनी ग्लास तिरका करून उजेडात धरला, फिरवला. काचेवरून ते पाणी धावत खाली येईना, हळूहळू दाट धारांनी उतरू लागलं. मग ग्लास टेबलावर ठेवून दिला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“काय झालं?” पुस्तकवाले म्हणाले.

“स्पिरिट उडू द्या. ओतल्या ओतल्या नाक घातलं तर स्पिरिटच येणार. लाखेचं पण तसंच असतं.”

दहा मिनिटं. बारा सुशिक्षित माणसं आणि मी, त्या ग्लासाकडे बघत बसलो. मी मनातल्या मनात माझ्या चिंधीला शंभर शिव्या दिल्या. मग यांनी ग्लास उचलला, नाकाखाली धरला, बाजूला केला, परत धरला. एक थेंब तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने चोळला आणि दोन्ही हातांची ओंजळ नाकाला लावली. तेल कसलं आहे ते बघायची यांची हीच पद्धत.

“जवस आहे,” हे म्हणाले. “तुमचं बरोबर आहे.”

पुस्तकवाल्यांनी खुर्चीत पाठ टेकवली.

“पण कच्चं आहे.”

“म्हणजे?” डॉक्टर म्हणाले.

“जवसाचं तेल दोन प्रकारचं. उकळलेलं आणि कच्चं. कच्चं लवकर वाळत नाही, म्हणून फर्निचरला ते कुणी लावत नाही. माझ्या दुकानात कच्च्या तेलाचा थेंब नाही. ही वेताला लावते तेही उकळलेलं. उकळलेल्याचा वास जड असतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशाला धरतो. हा हिरवा वास आहे. आणि हा वरून बसलेला नाही, आतून येतोय. वरून बसलेला वास आधी उडतो. हा स्पिरिट उडाल्यावर वाढला.”

इतकं सलग बोलताना मी यांना आमच्या लेकीच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

“हे तुम्ही म्हणता,” पुस्तकवाले म्हणाले. “आम्ही कशावरून मानायचं?”

तेव्हा मला राहवलं नाही. मी कमरेचा एप्रन सोडला आणि त्यांच्या पुढ्यात टेबलावर आपटला. त्याच्यावर चाळीस खुर्च्यांचं तेल होतं. “हे घ्या उकळलेलं. घाला नाक.” चिटणीस बाई हसू दाबत उठल्या. “कच्चं माझ्याकडे आहे, दुकानात,” त्या म्हणाल्या. “लोक पोटात घ्यायला नेतात. आणते.”

“बाई,” हे म्हणाले, “येताना ती दुसरी बाटली पण आणा.”

खोलीत एकदम गलका झाला. पंचवीस वर्षांच्या समारंभाची बाटली! डॉक्टर म्हणाले, नाही, ते शक्य नाही. एक गेली ती गेली, दुसरी कशी उघडायची?

हे शांत होते. “ती माझ्या कपाटात कधी नव्हती ना? मग तिला हा वास येता कामा नये. तिला नाही आला, तर हे कपाट मी इथेच खोलून घेऊन जातो, आणि बोळा परत हातात धरणार नाही. आला, तर तुमच्या दोन्ही बाटल्या चांगल्या आहेत. बघा, तुमचा फायदाच आहे.”

डॉक्टर खाली बसले. चिटणीस बाई दारातून म्हणाल्या, “बाटली माझ्या कुलपात आहे. मी उघडणार. कुणाला हरकत असेल त्याने मला जिन्यात अडवावं.” त्या गेल्या आणि पाच मिनिटांत आल्या. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात जवसाच्या तेलाची छोटी बाटली, डोळ्यांत चमक.

सील त्यांनीच फोडलं. बूच निघालं. तेरा ग्लासांत थोडं थोडं ओतलं. पुस्तकवाल्यांनी लगेच ग्लास नाकाकडे नेला, आणि मी सांगते, त्या खोलीत डॉक्टरांच्या तोंडून जो शब्द निघाला तो ऐकून मला हसू फुटलं.

“थांबा हो,” डॉक्टर ओरडले, “ओलंय!”

सगळे थांबले. परत दहा मिनिटं. तोवर बाईंनी माझा एप्रन आणि कच्च्या तेलाची बाटली टेबलावरून फिरवली. एकेकाने आधी एप्रन हुंगला, तोंड वाकडं केलं, मग बाटली हुंगली. मी आयुष्यात इतका मान माझ्या एप्रनला मिळालेला पाहिला नाही.

मग ग्लास. मी यांच्याकडे बघत होते, हे खिडकीबाहेर बघत होते. शेवटी चिटणीस बाई म्हणाल्या, “आहे.” मग डॉक्टर म्हणाले, “आहे. तोच.” पुस्तकवाल्यांनी दोन्ही ग्लास तीनदा आलटून पालटून हुंगले, तेलाची बाटली हुंगली, माझा एप्रन परत हुंगला. माणूस तिरसट, पण खोटा नाही. “कच्चंच आहे,” ते म्हणाले. “दोन्हीत. माझी चूक.”

जिंकले! अहो, माझा नवरा जिंकला! मला तिथेच ओरडावंसं वाटत होतं. मी बहुतेक ओरडलेच, कारण सगळे माझ्याकडे वळले.

पण यांचं संपलं नव्हतं. यांचं नाक अजून ग्लासात होतं. “खाली कच्चं धान्य आहे,” हे हळूच म्हणाले, स्वतःशीच. “दळलेलं, ओलं केलेलं. तेलाचा वास त्याच्यातूनच येतोय.”

डॉक्टरांनी पुस्तकवाल्यांच्या हातातलं पुस्तक अक्षरशः ओढून घेतलं. पानं उलटली. मग मोठ्याने वाचलं की पॉट स्टिल व्हिस्कीत सगळी बार्ली मोड आणलेली नसते. मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची, मोड न आणलेली बार्लीही घालतात. तीच तिची खूण. आणि पुढच्याच ओळीत, जिथे पुस्तकवाल्यांच्या बोटाने इतक्या वर्षांत कधी थांबा घेतला नव्हता, तिथे छापलेलं होतं की अशा जुन्या व्हिस्कीत जवसाच्या तेलाचा वास येतो आणि जाणकार तो शोधत बसतात. पुस्तकवाल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घरात पुस्तक आणि बाहेर शोध, काखेत कळसा म्हणतात तो हाच.

“आणखी?” डॉक्टर म्हणाले. आता ते विद्यार्थ्यासारखे पुढे वाकले होते.

“चामडं. उन्हात तापलेल्या खुर्चीच्या गादीचं. लवंग. मेण.” हे थांबले. “आणि लाकूड दोन प्रकारचं आहे. एकात आधी काहीतरी द्राक्षाचं होतं, गोड. ते लाकडात मुरलंय.”

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी उजेडात धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही पिंपांत आधी गोड वाइन ठेवली होती. त्यांनी ते वाचलं आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. बारा माणसं उभी राहून एका पॉलिशवाल्यासाठी टाळ्या वाजवत होती. हे मात्र कानापर्यंत लाल झाले.

“आता प्या तरी,” चिटणीस बाई म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “घ्या की, एवढं नाव काढलंत.” मग एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, आणि गिळायला इतका वेळ लावला की मला वाटलं आता हेही वाळू देणार.

“कसं आहे?” सगळ्यांनी एकदम विचारलं.

“चांगलं काम केलंय,” हे म्हणाले. “कुठे घाई दिसत नाही.”

मी यांच्याच ग्लासातून जिभेला लावून बघितलं. आधी मलईसारखं मऊ, मग लवंग चावल्यासारखं तिखट, आणि शेवटी, खरंच, माझ्या दुकानात नवीन डबा फोडला की येतो तसा वास, पण हिरवा. मला आवडलं. परत मागितलं नाही, कारण लोक काय म्हणतील.

आज त्या मंडळात तेरावी खुर्ची आहे. ती मी विणली आणि पॉलिश यांनी केली, सव्वा महिना लावून. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे तिथे वेळेवर जातात, जे आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच घडतंय. डॉक्टरांनी एक नियम काढलाय. स्वतःच्या हाताखालून न गेलेल्या वस्तूचं नाव चवीला द्यायचं नाही. डॉक्टर लवंगेच्या तेलावर बोलतात, दातांमुळे त्यांचा तो विषय. बाई औषधांवर बोलतात. पुस्तकवाले बिचारे जुना कागद, शाई आणि पुठ्ठा एवढ्यावरच आले होते, पण आता त्यांनी बागेत भाजी लावायला घेतलीय, म्हणजे शब्द वाढतील. आणि ग्लास भरले की बाराच्या बारा जण हात मागे बांधून थांबतात. नवा कुणी पाहुणा घाईने उचलायला गेला की सगळे एका सुरात ओरडतात. काय ओरडतात ते सांगायला नको.

पण त्या पहिल्या संध्याकाळी घरी येतानाचं राहिलं. एप्रन माझ्या हातात होता, हे पुढे दोन पावलं, नेहमीसारखे. छापखान्याचा कोपरा वळलो आणि मी म्हटलं, “अहो, मला सांगायचंय. तेव्हा कपाटात, खालच्या कप्प्यात, माझी चिंधी रात्रभर...”

“माहितीय.”

“काय माहितीय?”

“सकाळी दार उघडलं तेव्हाच कळलं. तू येऊन काढशील म्हणून ठेवून दिली तशीच.”

मी रस्त्यात थांबले. “म्हणजे ते तीन दिवस...”

“कप्पा घासला. परत लाख दिली, सहा हात. वास गेला असं वाटत होतं.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“वास गेला होता ना. मग काय बोलायचं?”

“वाटत होतं म्हणता. खात्री नव्हती?”

“आज ग्लास हातात येईपर्यंत नव्हती.”

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ग्लास हातात यायच्या आधीच यांनी मला अडवलं होतं. मी तोंड उघडलं आणि हे ‘थांब’ म्हणाले, तेव्हा यांनी अजून काहीच हुंगलेलं नव्हतं.

“आणि उकळलेलं निघालं असतं तर?” मी विचारलं. “काय सांगितलं असतंत त्या बारा जणांना?”

हे चालतच राहिले. “काय सांगणार? म्हटलं असतं, तेल मी लावलं. चूक माझी.”

ज्या बोळ्याला चाळीस वर्षं कुणाला बोट लावू दिलं नाही, तो माझ्या एका चिंधीसाठी कायमचा ठेवून द्यायला हा माणूस तयार झाला होता, आणि वर मला गप्प बसवत होता. मी भर रस्त्यात एप्रन डोळ्यांना लावून रडले. तेलाने डोळे चुरचुरले, ते वेगळंच. हे म्हणाले, “अगं, रस्ता आहे.” मी म्हटलं, “असू दे रस्ता.”

मग गल्लीत शिरल्यावर मी एकेक दार वाजवलं. बेकरीवाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना खाली बोलावून सांगितलं. आमच्या ओलंयने बारा जाणकारांना कसं नाकाने हरवलं, ग्लास कसा धरला, टाळ्या कशा वाजल्या, सगळं हातवारे करून. यांनी ‘पुरे आता’ म्हणून तीनदा खूण केली, मी बघितलंच नाही. फक्त चिंधीचं कुणाला सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा सांगतेय.